चिमूटभर मीठ

डॉक्टरांनी माझं मीठ बंद केलं त्याला आता चार महिने झाले. तेव्हापासून लोणच्याची बरणी आणि मी एका खोलीत सापडलो, तर घरात संशयाचं वातावरण पसरतं. अशा अळणी दिवसांत जिवाला विरंगुळा म्हणून मुलीनं संगणकावर 'स्टार ट्रेक' लावून दिलं. तेच जुनं, १९६६ ते १९६९ मधलं, एकोणऐंशी भागांचं. "बाबा, तुमच्या लहानपणीचं!" असं ती म्हणाली, हडप्पाचं मडकं दाखवावं तशा सुरात.

माझ्या लहानपणी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, हे प्रकरण रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायचं. टीव्ही शेजारच्या काकांचा, उंबरठा आम्हा पोरांचा. इंग्रजी कुणालाच धड कळत नसे. काका मधूनच "तो कानवाला हुशार आहे बरं का" एवढं भाषांतर करीत आणि तेवढ्यावर आमचं भागे. सगळं कृष्णधवल. त्या कानवाल्या स्पॉकचं रक्त हिरवं असतं, हे मला परवा, पन्नाशी उलटल्यावर समजलं!

८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत जो भाग सर्वांत आधी दाखवला, त्यातच एक राक्षस आहे. एका ओसाड ग्रहावर प्राध्यापक क्रेटर बायकोसह राहत असतो. त्यांच्या तब्येतीची वार्षिक तपासणी करायला कॅप्टन कर्क आणि डॉक्टर मॅकॉय येतात. ही बाई मॅकॉयची जुनी मैत्रीण. त्याला ती पूर्वीसारखीच तरुण दिसते आणि कर्कला वयानं पिकलेली. (यासाठी राक्षस कशाला हवा? कुठल्याही लग्नाच्या मांडवात हा चमत्कार बघायला मिळतो.) खरी गोष्ट अशी, की ती बाई केव्हाच मेलेली असते. तिचं रूप घेऊन वावरतो तो त्या ग्रहावरचा शेवटचा जीव. माणसाच्या अंगातलं मीठ शोषून तो जगतो. चार खलाशी आणि खुद्द प्राध्यापक त्याला बळी पडतात. शेवटी मॅकॉय त्याला गोळी घालतो. त्या वेळी आम्ही उंबरठ्यावर टाळ्या वाजवल्या होत्या.

या भागासाठी भविष्यकाळातल्या वाटाव्यात अशा तऱ्हेवाईक मीठदाण्या आणल्या होत्या म्हणे. पण त्या मीठदाण्या आहेत हे प्रेक्षकांना कळायचं नाही, म्हणून साध्याच ठेवल्या आणि त्या तऱ्हेवाईक मॅकॉयच्या हातात वैद्यकीय हत्यारं म्हणून दिल्या. तो डॉक्टर मीठदाणीनं रोगी बरे करतो आणि माझा डॉक्टर मीठदाणी जप्त करतो! विज्ञानाची पीछेहाट म्हणतात ती हीच.

पण परवा टाळी वाजली नाही. लहानपणी भाषेमुळे निसटलेली एक गोष्ट या वेळी कानाला टोचली. प्राध्यापक आणि ती 'बायको' पाहुण्यांकडे सुरुवातीलाच एक गोष्ट मागतात, ती म्हणजे मिठाच्या गोळ्या. दुसरं काही नको. पुढे तर तो जीव मॅकॉयचंच रूप घेऊन बैठकीत बसतो आणि सांगतो, की त्याला सरळ मीठ देऊन टाकू, मग तो हल्ला कशाला करील? स्वतःचं वकीलपत्र स्वतःच घेतो बिचारा! कर्कला ते पटत नाही.

मला आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई आठवल्या. रेशनच्या साखरेचे दिवस. त्यांनी पदराच्या गाठीत मूठभर साखर बांधलेली मी पाहिली आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात आईला सांगितली. त्याच दिवशी बाईंचं काम सुटलं. मला शाबासकी म्हणून रव्याचा लाडू मिळाला, साखर घातलेला. पण आठवड्यापूर्वी त्यांनी आईकडे वाटीभर साखर उसनी मागितली होती आणि आई "महिनाअखेर आहे, बघू" म्हणाली होती. तेही मी ऐकलं होतं. ते मात्र मी कुणालाच ओरडून सांगितलं नाही.

म्हणून राक्षस निर्दोष ठरतो असं नाही. पाच माणसं त्यानं मारली, त्यातला एक तर त्याला सांभाळणारा. हे सगळं मीठ घालून गिळता येण्यासारखं नाही. कर्कच्या जागी असतो तर मीही गोळीच घातली असती. पण मागणं आपल्या कानी येतं ते बहुतेक वेळा चोरी झाल्यावरच, ही काही राक्षसाची चूक नव्हे. कर्कलाही ते कुठंतरी लागलं असावं. शेवटी तो गप्प बसतो आणि स्पॉकनं विचारल्यावर सांगतो, की रानगव्यांचा विचार करतोय. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात कोट्यवधी रानगवे होते, त्यांचे माणसानं मारून मारून काहीशे केले.

त्या रात्री मी स्वयंपाकघरात गेलो. अंधारात मिठाच्या डब्याला हात लावला आणि दिवा लागला. दारात ही उभी!

"अहो, मागायचं तरी होतं!"

"मागितलं असतं तर दिलं असतंस?"

"मुळीच नाही," ती म्हणाली. "पण बसून बोललो तरी असतो."

आणि तिनं माझ्या हातावर लिंबाची फोड ठेवली.