सोंग आणि अंकित



बाराव्या शतकात बहुरूपी चौडय्या नावाचे शरण होऊन गेले. नाना सोंगे वठवून लोकांचे रंजन करणे हेच त्यांचे कायक. त्यांची वचने आजही इतर शरणांच्या वचनांबरोबर आदराने वाचली जातात. सोंग आणणे हा दोष नव्हे. समोर सोंग आहे हे बहुरूप्यालाही ठाऊक असते आणि पाहणाऱ्यालाही. खेळ संपला की तो रंग पुसतो.

आज मोबाईलमुळे घरोघरी बहुरूपी झाले आहेत. कोणाच्या नावाशेजारी वाघाचे चित्र, कोणाच्या महात्मा बसवेश्वरांचे, तर कोणाचे नावच खोटे. अशा चित्ररूपाला 'अवतार' म्हणतात. १९८० च्या दशकात संगणकावरील खेळांनी हा आपला शब्द उचलला. अवतार म्हणजे खाली उतरणे. किती खाली उतरायचे, हे मात्र ज्याने त्याने ठरवायचे!

आपल्या बेळगाव-निपाणी भागात भाषेचा वाद पेटला की हे दिसते. ज्या शेजाऱ्याशी बाजारात गोड बोलायचे, त्याच्याच भाषेला रात्री खोट्या नावाने शिव्या लिहायच्या. मराठी बोलणारेही लिहितात, कन्नड बोलणारेही लिहितात. आणि चित्र कोणाचे? बसवण्णांचे! ज्या कन्नडमध्ये शरणांची वचने प्रकटली, तिलाच शिवी देताना आपली जीभ कशी अडखळत नाही?

कोणी म्हणेल, शरणांनीही वचनात स्वतःचे नाव कोठे घातले? बहुतेकांच्या बाबतीत खरे आहे. बसवण्णांचे अंकित कूडलसंगमदेव, अक्कमहादेवींचे चन्नमल्लिकार्जुन, अल्लमप्रभूंचे गुहेश्वर, चौडय्यांचे रेकण्णप्रिय नागिनाथ. पण अंकित घेतले ते 'मी' लहान व्हावा म्हणून, देवाला साक्षी ठेवून. खोटे नाव घेतात ते 'मी' सापडू नये म्हणून. त्रासापासून वाचण्यासाठी एखादी मुलगी आपला फोटो लावत नाही, तिला दोष देऊ नये. ती कोणाला दगड मारण्यासाठी लपलेली नाही.

ज्या तळहातावर आपण इष्टलिंग धरतो, त्याच तळहातावर मोबाईल असतो. लिहिण्यापूर्वी एवढेच विचारावे : हे वाक्य इष्टलिंग हाती असताना मी उच्चारीन काय? उत्तर 'नाही' आले तर ते पुसावे. आधीच लिहून झाले असेल, तर त्या शेजाऱ्याच्या दारी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या तोंडाने जावे आणि क्षमा मागावी. रंग पुसणे म्हणतात ते हेच.

शरणु शरणार्थी.