कोणाचें पाप?

जन्मांध मनुष्य वाटेंत दिसला तेव्हां शिष्यांनीं प्रभूला विचारलेला प्रश्न योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांत आहे: दोष त्याचा कीं त्याच्या आईबापांचा? प्रभूनें दोन्ही पक्ष नाकारिले. हा अध्याय आम्हीं कितीएक वेळां मंडळीस समजावून सांगितला. पण तो प्रश्न आमच्याच घरीं आला तेव्हां तें ज्ञान कामास आलें नाहीं.

आमचा धाकटा मुलगा स्वमग्न आहे. चार वर्षांचा झाला तरी तो बोलेना, हाक मारली असतां वळून पाहीना, आणि बाटल्यांचीं झांकणें तासचे तास एका ओळींत मांडी. आम्ही उभयतां कधीं उघड भांडलों नाहीं. परंतु हें तुमच्या घराण्यांतून आलें, हा आरोप दोघांच्याही मनांत होता. त्यापेक्षां उघड भांडण पुरवलें असतें.

विद्वानांचीही गत फारशी निराळी नव्हती. १९४३ सालीं अमेरिकेंत डॉ. लिओ कॅनर ह्यांनीं अशा ११ मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें कित्येक वर्षें, आईच्या मायेच्या अभावानें मूल असें होतें, असें मोठमोठे वैद्य सांगत. किती माता तो कलंक माथीं घेऊन जगल्या असतील! १९६४ सालीं बर्नार्ड रिमलंड ह्यांनीं, जे स्वतः अशाच मुलाचे पिता होते, ग्रंथ लिहून ह्या मताचें खंडन केलें. मेंदूची घडण मुळापासूनच निराळी असते व तींत अनुवंशाचा मोठा भाग असतो, असें आज शास्त्र सांगतें. पण अनुवंश म्हणजे अपराध नव्हे.

बदली होऊन नव्या गावीं आलों, तेव्हां मात्र खरें पाप घडलें, व तें आमचें होतें. आज ताप, उद्यां खोकला, असें सांगून आम्हीं मुलाला तीन महिने उपासनेस नेलें नाहीं. लोकांनीं त्याला हिणवूं नये म्हणून हें करितों, अशी आम्हीं आपली समजूत घातली होती. वास्तविक आम्ही आपली अब्रू जपत होतों. मुलाचें दुःख चव्हाट्यावर मांडावें असें आमचें म्हणणें नाहीं. पण लपविल्यानें हित कोणाचें होतें, हें तरी पाहावयास हवें होतें. इकडे तो नव्या घरांत रात्ररात्र जागे व जुन्या घरची खिडकी जेथें असावयाची त्या भिंतीपुढें उभा राही.

शेवटीं मंडळींतील एक वृद्ध विधवा बोलावणें नसतां घरीं आली. तिनें कांहीं विचारलें नाहीं. जमिनीवर बसून तिनें एक झांकण ओळीच्या शेवटीं ठेविलें. मुलानें तें दोन बोटें सरकविलें आणि दुसरें तिच्या हातांत दिलें. आम्हीं शरमून तापाची गोष्ट खोटी असल्याचें कबूल केलें.

"तें ठाऊक होतें," ती म्हणाली. "इतके दिवस ताप असता तर तुम्हीं मंडळीला प्रार्थना करावयास सांगितलें असतें."

आतां तो देवमंदिरांत दाराजवळ तिच्या शेजारीं बसतो. तबला व टाळ सुरू झाले कीं कान झांकून बाहेर जातो. गीत संपलें कीं आपण होऊन आंत येतो. त्या जन्मांधास दृष्टि आली. आमच्या मुलास अद्यापि वाचा आलेली नाहीं.