तिन्हीसांज कोणाची?

थंडी पडू लागली की आमच्या धर्मग्रामातील तरुण मंडळी एक गाऱ्हाणे घेऊन येतात. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे दार हिवाळ्यात संध्याकाळी आणखी दोन तास उघडे ठेवावे, अशी त्यांची मागणी. वनखात्याकडे पाठवायच्या अर्जावर फादरांची सही हवी असते. यंदा आम्ही सही केली नाही. त्याचे कारण वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम त्यांची बाजू, कारण ती हलकी नाही. नोव्हेंबरअखेरीस मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चर्चगेटकडे नोकरी करणारा मनुष्य लोकलच्या गर्दीतून बोरिवलीला उतरतो, तेव्हा केव्हाच काळोख झालेला असतो. रविवारी मिस्सा, बाजार, आजारी नातलगांची विचारपूस. कान्हेरीची वाट चालावीशी वाटावी असे हेच काय ते दोनतीन महिने, आणि नेमके तेव्हाच त्याच्या वाट्याला बंद दार येते. निवृत्तांना झाडांची सावली आणि राबणाऱ्यांना फलाटावरची धक्काबुक्की, ही वाटणी न्यायाची खचितच नव्हे. विश्रांती ही चैन नाही; सातव्या दिवशी परमेश्वराने स्वतः विसावा घेतला.

परंतु दार मिटल्यावर आत काय घडते, याचाही विचार हवा. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे रान शहराने वेढलेले आहे. दिवसभर माणसांच्या वर्दळीमुळे दडून राहिलेला बिबट्या तिन्हीसांजेला बाहेर पडतो. विजेऱ्यांच्या झोतांनी आणि गप्पांच्या आवाजाने त्याला वाटेवरून हटवले, तर तो कोठेतरी जाणारच. रानाच्या कडेला वारली पाडे आहेत, झोपड्या आहेत, भटकी कुत्री आहेत. २००४ साली या परिसरात बिबट्यांचे हल्ले किती झाले, हे जुन्या लोकांना आठवत असेल. २०२२ च्या दिवाळीत शेजारच्या आरे वसाहतीत एक तान्ही मुलगी बिबट्याने नेली. आपण हौसेने काळोखात जाऊ. पाड्यावरच्या आईला मात्र पाण्यासाठी, शौचासाठी जावेच लागते. तिच्यासाठी कोणते दार आणि कसली वेळ?

शिवाय वनरक्षक आहे. शेवटचा फिरस्ता बाहेर पडल्याखेरीज त्याला घरी जाता येत नाही. आमच्या दोन तासांची किंमत त्याच्या घरचे जेवण आहे.

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस शिकलो. ज्याचे त्याला देण्याची दृढ इच्छा म्हणजे न्याय, असे ते सांगतात; पण हा व्यवहार माणसामाणसांतला. त्यांच्या हिशेबात बिबट्याचे नाव नाही, आई आणि वनरक्षक आहेत. तेवढ्यावरही आमचा निर्णय झाला असता. तथापि १०४ वे स्तोत्र आणखी पुढे जाते. त्यात रात्र श्वापदांची आहे, ती देवाकडे आपले अन्न मागतात. सूर्य उगवल्यावर ती गुहांत परततात आणि मग मनुष्य कामाला निघून संध्याकाळपर्यंत राबतो. स्तोत्रकर्त्याने दिवसाचे दोन भाग केले, आणि दोन्हींचा मालक एकच ठेवला.

येथे एक कबुली द्यावयास हवी. हिवाळ्यात उजाडण्यापूर्वीच उद्यानात शिरणाऱ्या प्रभातफेरीवाल्यांत आम्हीही होतो. जो न्याय संध्याकाळला, तोच पहाटेला. अलीकडे आम्ही सूर्य वर आल्यावर निघतो, त्यामुळे फेरी अर्धीच होते.

तरुणांचे गाऱ्हाणे खरे आहे, पण त्यांचे देणे रानाकडे नाही. त्यांची संध्याकाळ रानाने हिरावलेली नाही. ती कचेरीने आणि लोकलने घेतली आहे. नोव्हेंबर ते जानेवारी आठवड्यातून एक दिवस दोन तास आधी सुटका मिळावी, ही मागणी मालकापुढे करण्यास मात्र कोणी धजत नाही. बिबट्याकडून वसूल करणे सोपे, कारण तो नोकरीवरून काढत नाही.

हे ऐकून एक तरुण म्हणाला, “फादर, मग आमच्या साहेबांना पत्र तुम्ही लिहाल का?” आम्ही होकार दिला आहे. पत्राचा मसुदा दोनदा केला, दोन्ही वेळा फाडला. नोकरी त्याची आहे, सही आमची.