पाय माझा, सही कुणाची?

आईला घेऊन दवाखान्यात गेलो होतो. पाय सुजलेला, पण डोकं शाबूत. तिथल्या माणसानं कागद माझ्यापुढं सरकवला. रात्रपाळीचा शीण होता, न वाचताच सही ठोकली. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "पाय माझा, अन् इचारत्यात तुला. मी काय मेले व्हय रं?"

दोस्तांनो, आमच्या वतीनं दुसऱ्यानं बोलू नये म्हणून आपण सभेत घसा फोडतो. घरात मात्र म्हातारीच्या वतीनं आपणच बोलतो. तिला लिहिता येत नाही, म्हणून तिला मतच नाही असं आपण कधी धरून चाललो?

कायदा तसं धरत नाही. शुद्धीवरच्या सज्ञान माणसाची संमती त्याचीच लागते. २००८ साली समीरा कोहली खटल्यात भूल दिलेल्या बाईच्या आईची संमती सर्वोच्च न्यायालयानं मानली नाही.

पण शुद्धच गेली तर? मुंबईच्या केईएम इस्पितळातली परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत खाटेवर होती. तिला अन्न देणं थांबवावं असा अर्ज एका लेखिकेनं केला. २०११ साली न्यायालयानं तो फेटाळला. तिच्या वतीनं बोलायचा मान तिची सेवा करणाऱ्या केईएमच्या माणसांना दिला. सगळे बोलले. तिला काय हवं होतं, ते कुणालाच विचारता येत नव्हतं.

मला वाटलं, कुलमुखत्यारपत्र करून घेऊ. पण देणाऱ्याचं भान गेलं की तेही संपतं. ९ मार्च २०१८ च्या निकालानं दुसरी वाट दिली. बरं होण्याची आशा संपली तर कोणते उपचार नकोत, आणि तेव्हा आपल्या वतीनं कुणी बोलायचं, हे माणसानं शुद्धीत असताना लिहून ठेवायचं. आधी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मन बदललं तर कागद रद्दही करता येतो.

रविवारी आईजवळ बसलो. तिला पहिल्यांदाच विचारलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "नाकातोंडात नळ्या नको. घरी आणा. अन् माझ्या वतीनं तुझी भैन बोलंल."

"मी का नको?"

"तू भाषण करशील. ती माझं ऐकती."

लागलं मला. पण खोटं नव्हतं. अधिकार म्हणजे आईवरची मालकी नव्हे, तिचा शब्द उसना घेऊन जसाच्या तसा पोचवणं. तो कुणाच्या हाती द्यायचा ते तिनंच ठरवायचं. थोरला मुलगा, शिकलेला, कार्यकर्ता, ही काही लायकी नव्हे.

या आठवड्यात शिवाजीनगर कोर्टापाशी नोटरीकडं जातोय. मजकूर तिला मोठ्यानं वाचून दाखवीन. पटला तरच अंगठा.

तुम्हीही पुढच्या बैठकीला निघण्याआधी घरच्या म्हातारीपाशी बसा. विचारा. आणि मधे बोलू नका.