पडताळणीत उमेदवार कुठे असतो?

एप्रिल 2005 मध्ये पुण्यातल्या एका कॉल सेंटरच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांना अटक झाली. सिटीबँकेच्या अमेरिकेतल्या ग्राहकांकडून पिन क्रमांक काढून घेऊन त्यांच्या खात्यांतले सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवल्याचा त्यांच्यावर आरोप होता. 'तुमची माणसं विश्वासाची आहेत का?' असं परदेशी बँका विचारू लागल्या. पुढच्याच वर्षी आयटी उद्योगाच्या नॅसकॉम या संघटनेने 'नॅशनल स्किल्स रजिस्ट्री' ही कर्मचाऱ्यांच्या पडताळलेल्या माहितीची नोंदवही सुरू केली, आणि आयटीतले लोक ज्याला 'बीजीव्ही' म्हणतात ती उमेदवाराच्या पार्श्वभूमीची पडताळणी हळूहळू नोकरीची अटच बनली. आज बँका, रुग्णालयं आणि सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सीही ती करून घेतात.

ती असावीच. बनावट अनुभवपत्रं विकत मिळतात. रुग्णाजवळ रात्र काढणाऱ्या परिचारिकेची पदवी खरी आहे की नाही, हे विचारण्यात गैर काही नाही. प्रश्न पडताळणीच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरच्या पडद्याचा आहे. मालकाला सोपं जावं म्हणून त्यावर माणसाच्या नावापुढे एक रंग उमटतो : हिरवा, अंबर किंवा लाल. जॉइनिंगच्या घाईत असलेला एचआर अधिकारी तो रंग पाहतो आणि ऑफर लेटर पुढे सरकतं किंवा थांबतं. अहवालाची आतली पानं उघडायला त्याला वेळ नसतो.

आपल्याकडच्या नावांपाशीच हा सोपेपणा कोसळतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी. मुलीचं लग्न झालं की आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं, वडिलांच्या जागी नवरा येतो. काही घरांत तर तिचं स्वतःचं नावही बदलतात. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचं नाव घातलं आहे. निर्णय चांगलाच आहे, पण या मुलांच्या आणि त्यांच्या थोरल्या भावंडांच्या नावांची रचना आता सारखी राहणार नाही. अक्षराला अक्षर जुळवणारी यंत्रणा या सगळ्याला 'विसंगती' म्हणते. याच्या उलटही घडतं. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने खटले शोधता येतात. शिंदे, जाधव, पवार यांतलं कुठलंही आडनाव घ्या, त्याला सचिन किंवा संतोष जोडा, आणि कुठल्या तरी तालुका न्यायालयात त्या नावाचा एखादा आरोपी सापडेलच. वडिलांचं नाव, वय आणि पत्ता जुळल्याशिवाय असा खटला कुणाच्या माथी मारणं हा अन्याय आहे, आणि मालकाचंही त्यात नुकसान आहे, कारण चांगला माणूस हातचा जातो.

बंद पडलेल्या कंपनीत काम केलेल्यांची गत याहून वाईट. फोन उचलायला तिथे कुणीच उरलेलं नसतं, म्हणून 'यूटीव्ही', म्हणजे पडताळता आलं नाही, असा शेरा पडतो आणि रंग अंबर होतो. उमेदवार खोटं बोलला, असं यातून मुळीच सिद्ध होत नाही. पीएफच्या पासबुकात त्या कंपनीने भरलेली वर्गणी दिसत असेल, तर तोच पुरावा मानायला हवा.

गुन्ह्याच्या नोंदीकडे कसं पाहावं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या अवतार सिंग खटल्यात सांगितलं आहे. उमेदवाराने माहिती दडवली असली, तरी प्रकरण तरुणपणी घोषणा दिल्यासारखं किरकोळ असेल, तर मालक विवेकाने त्याकडे दुर्लक्ष करू शकतो. हा विवेक लाल ठिपक्यात मावत नाही. आणि नोंदीवरून माणूस ठरवण्याचं टोक महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी काही जमातींत जन्मण्यालाच गुन्हा ठरवलं. ते कायदे 1952 पर्यंत गेले, तरी त्या जमातींतल्या पारध्यांच्या पालावर संशय अजून पोचतोच.

म्हणून मालकासाठी सोयीचा प्लॅटफॉर्म बांधणाऱ्याने आधी उमेदवाराची खिडकी बांधावी. अहवाल मालकाच्या आधी उमेदवाराला दिसावा, त्याच्या मोबाइलवर, मराठीत. कारण ड्रायव्हर आणि वॉचमन यांचीही पडताळणी होते. प्रत्येक शेऱ्यापुढे माहिती कुठून आली ते असावं. 'खोटं निघालं' आणि 'पडताळता आलं नाही' यांना एक रंग कधीच नसावा. हरकत घेतली असेल, तर तिचा निकाल लागेपर्यंत नकाराचं बटण बंद राहावं. आणि हिशेबनिसाच्या नोकरीला जे तपासायचं ते माळ्याच्या नोकरीला तपासू नये.

अमेरिकेत पडताळणी संस्थेच्या अहवालावरून नोकरी नाकारण्याआधी त्याची प्रत उमेदवाराला द्यावीच लागते. फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायदा तसं सांगतो. आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मात्र इथे फट आहे. कलम 7 नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवायही माहिती वापरू देतं, आणि माहिती पाहण्याचा व दुरुस्त करून घेण्याचा हक्क संमतीने दिलेल्या माहितीशी बांधलेला आहे. ही फट संसदेने बुजवावी. तोवर ती बुजवणं प्लॅटफॉर्म बांधणाऱ्यांच्या हातात आहे, आणि त्यांच्यातले कितीतरी पुण्यात बसून मराठीत बोलतात. त्यांना माझी विनंती आहे : पुढच्या आवृत्तीत उमेदवाराचं लॉगिन आधी करा, मालकाचा डॅशबोर्ड नंतर.