दिवाणखान्यातला समुद्र

घरात खाऱ्या पाण्यातले मासे ठेवायचे म्हटले की पहिला प्रश्न पाणी शुद्ध राखण्याचा. पंप-स्पंजाचा मार्ग एक आणि 'नैसर्गिक' म्हणवणारा दुसरा. हे दुसरे नाव फार सात्त्विक आहे. म्हणूनच त्याची थोडी उलटतपासणी करावीशी वाटते.

पद्धत खरोखर सुंदर आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरल्या अन्नातून अमोनिया होतो, तो त्यांना विषच. सच्छिद्र प्रवाळखडकावरचे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. खडकाच्या पोटात, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले वेगळे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. जकार्त्याच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली ही पद्धत लिहून जगापुढे मांडली: जिवंत खडक, समुद्राचे पाणी, उजेड आणि हवेचे थोडे बुडबुडे.

त्याच्याही आधी, १८४६ साली, ॲना थिन यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरची प्रवाळे लंडनच्या घरात आणली. पाण्यात हवा मिसळावी म्हणून मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसे, रोज अर्धा-पाऊण तास. पुढे बाईंनी समुद्री शेवाळ घातले आणि त्या हातांचे काम हलके झाले. नैसर्गिक पद्धतीचा विचार करताना मला बाईंपेक्षा ती मोलकरीण आधी आठवते. काम कुठे जात नाही, ते दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडते. फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ च्या 'द ॲक्वेरियम' या पुस्तकाने इंग्लंडात या हौसेला ऊत आला. हौशी लोकांनी किनारे ओरबाडून ओकेबोके केले, अशी खंत त्यांचाच मुलगा एडमंड याने १९०७ साली लिहून ठेवली.

तेव्हा प्रक्रिया नैसर्गिक असली, म्हणून खडक मिळवण्याची रीत निर्दोष ठरत नाही. आपल्या गोव्याच्या ग्रांदे बेटाजवळ, मालवणला प्रवाळ आहे. दगडी गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढते. २००१ साली दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसले. आपल्या टाकीचे पाणी नितळ राहावे म्हणून ते फोडायचे, आणि वर यंत्राला नावे ठेवायची!

यंत्राची बाजू मी घेत नाही. वीज गेली की बंद गाळणीतले जिवाणू काही तासांत गुदमरतात, हे आपल्या भागात सांगायला नको.

माझी निवड नैसर्गिकच, पण सावकाशीची. भाजलेल्या मातीचे वा कारखान्यात घडवलेले कोरडे सच्छिद्र दगड घ्यावेत आणि जिवाणूंना त्यावर वस्ती करू द्यावी. पाणी मासे सोडण्याजोगे व्हायला महिना-दीड महिना लागतो. दगडाच्या पोटातले काम सुरू व्हायला त्याहून बरेच अधिक. तोवर दिवाणखान्यात नुसते पाणी आणि दगड. पाहुणे मराठीत विचारतात, कानडीत विचारतात, "मासे कुठे आहेत?" हा अवघडलेपणा सोसायची तयारी नसेल, तर खडक कुठून येणार हे उघडच आहे.

आणि मासे? नारिंगी-पांढरे क्लाउनफिश आता आपल्याकडेही हॅचरीत निपजतात. बहुतेक सागरी शोभेचे मासे मात्र अजून समुद्रातूनच धरून आणलेले असतात. खडकाला लावलेला प्रश्न त्यांनाही लावला, तर दुकानातली यादी फारच आखूड होते.