विचारून केलेला स्पर्श

आम्ही आपल्या मुलांस हात जोडण्यास शिकवितो, जेवणापूर्वी हात धुण्यास शिकवितो, आणि अर्पणाची पिशवी पुढे आली म्हणजे तीत हाताने दान टाकण्यास शिकवितो. परंतु त्याच हाताने दुसऱ्याच्या अंगास स्पर्श कसा करावा, आणि दुसऱ्याने आपल्या अंगास हात लावला असता काय म्हणावे, हे आम्ही त्यांस शिकवितो काय? हा प्रश्न लहान दिसतो, पण तो मुलांच्या संरक्षणाचा, सेवेचा व आमच्या ख्रिस्ती आचरणाचा प्रश्न आहे. म्हणून गावोगावच्या मंडळ्यांनी त्याचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा ह्या तालुक्यांतील आमच्या वाचकांस हातांचे कष्ट काय असतात हे सांगावयास नको. कापसाच्या वेचणीत बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोके दिवसभर बोटांस टोचतात. ऊसतोडीस गेलेल्या आईबापांच्या तळहातांस कोयत्याच्या मुठीने घट्टे पडतात. अशी आई रात्री चुलीपाशी टेकली असता तिच्या लेकराने दोन थेंब करडईचे तेल घेऊन तिचा तळहात हळूहळू चोळावा, यात खर्च नाही व विद्याही मोठी नाही. तरी त्याने आईस जो विसावा मिळतो तो खरा असतो. मनुष्याच्या त्वचेत संथ व मृदू स्पर्श जाणणारे निराळे मज्जातंतू आहेत, असे शास्त्रज्ञांस आढळून आले आहे. हात सावकाश, सेकंदास सुमारे तीन सेंटीमीटर इतक्या बेताने फिरला असता ते सर्वांत चांगले जागे होतात. त्वचेस दाब कसा कळतो ह्याचा उलगडा करणारे आर्डेम पटापुटियन ह्यांस २०२१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. ज्या आजीबाई घरोघरी बाळबाळंतिणीस तेल लावीत आल्या, त्यांच्या हातांस हे ज्ञान पुस्तकावाचून होते. तेल चोळल्याने रोग बरा होतो असे मात्र आम्ही म्हणत नाही. आजारास वैद्यच पाहिजे. पण थकल्या जिवास धीर देणे हेही सेवेचे काम आहे, आणि ते सहा वर्षांच्या मुलासही करता येते.

आता खरा प्रश्न असा की, मुलांस हात मऊ ठेवावयास शिकविले म्हणजे झाले काय? आमच्या घरांत मुलाचा हात बहुधा हुकमाचा असतो. "आजोबांचे पाय चेप" म्हटले की त्याने चेपावे. आणि मुलाचे अंग तर साऱ्या गावाचे असते. पाहुणा आला की गालगुच्चा घेतो, कोणी ओढून मांडीवर बसवितो, कोणी मुके घेतो. मूल अंग चोरते, तोंड फिरविते, आणि आम्ही हसून म्हणतो, "लाजतंय!" पाहुण्याच्या मनात पाप नसते हे आम्ही मान्य करतो. परंतु त्या घटकेस मूल जो धडा शिकते तो असा की, मोठ्या माणसाने अंगास हात लावला असता आपल्या नको म्हणण्यास किंमत नाही. मग पुढे एखाद्या दुष्ट हाताने तोच धडा वापरला, तर मुलाने ओरडावे कसे?

असे दुष्ट हात थोडे नाहीत, आणि ते दूरचेही नसतात. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचे सांगितले. आणि त्रास देणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे व विश्वासातले होते. पुढे २०१२ साली अठरा वर्षांखालील मुलांच्या रक्षणासाठी निराळा कायदा झाला, त्यास सामान्यतः पॉक्सो म्हणतात. ह्या कायद्याच्या बाबतीत एक प्रसंग विचार करण्याजोगा आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने असे ठरविले की, वस्त्रावरून केलेला स्पर्श, त्वचेस त्वचा लागली नसल्यामुळे, त्या कायद्यातील लैंगिक हल्ल्याच्या कलमात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निर्णय फिरविला, आणि हात कातडीस लागला की कापडास लागला हे मुख्य नसून हात लावणाऱ्याचा हेतू मुख्य आहे, असा न्याय दिला.

कायद्याने असे त्वचेवरून हेतूकडे पाहावयास शिकविले, हे फार चांगले झाले. पण शुभवर्तमान आम्हांस आणखी एक पायरी पुढे नेते. केवळ हेतू चांगला असून भागत नाही. ज्यास आपण स्पर्श करतो त्याची इच्छा काय आहे, हेही पाहिले पाहिजे. बेथेसदा तळ्यापाशी अडतीस वर्षे पडून असलेल्या मनुष्यास आमच्या प्रभूने आधी विचारले की, तुला बरे व्हावयाचे आहे काय? आंधळ्या बार्तीमयाची गरज साऱ्या लोकसमुदायास दिसत होती, तरी त्याला काय हवे ते त्याच्याच तोंडून वदविले. आणि वरच्या माडीवर पेत्राने पाय मागे घेतले तेव्हा गुरूने ते बळेच ओढले नाहीत. पेत्र स्वतः राजी होईपर्यंत तो त्याच्याशी बोलला. ज्याला सर्व अधिकार दिलेला होता तो विचारतो, मग आम्ही न विचारणारे कोण?

कोणी म्हणेल, त्या रक्तस्रावी स्त्रीने तर न विचारता प्रभूच्या वस्त्रास हात लावला, आणि तिची स्तुतीच झाली. खरे आहे. पण ती दुबळी होती व तो समर्थ होता. घाबरलेले लेकरू आईच्या पदरास बिलगते तेव्हा ते परवानगी मागत नाही, व मागूही नये. विचारण्याचा भार समर्थावर अधिक आहे: मोठ्यावर लहानापुढे, गुरुजींवर शिष्यापुढे, पाळकावर मंडळीपुढे.

ह्या आमच्या भागात स्पर्शाचे दुसरे पापही फार जुने आहे. ते हात लादण्याचे नव्हे, तर हात आखडण्याचे. ब्राह्मण कुळात जन्मून १८४३ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री ह्यांनी पुढे जालन्यास कार्य केले, आणि जवळच बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले. मांग व महार समाजांतून आलेल्या ज्या कुटुंबांच्या स्पर्शाचा इतरांस विटाळ होई, त्यांच्यामध्ये त्यांनी कार्य केले. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने १९५० पासून अस्पृश्यता नष्ट केली आहे. मनातून ती सर्वत्र गेली आहे असे कोणास म्हणवेल? मार्काच्या पहिल्या अध्यायातील कुष्ठरोगी नियमशास्त्राप्रमाणे वस्तीबाहेर राहणारा होता. शताधिपतीच्या चाकराप्रमाणे त्यास नुसत्या शब्दाने बरे करता आले असते; तरीही, त्याने विनविल्यावर, प्रभूने हात पुढे करून त्यास स्पर्श केला. त्याची व्याधी शब्दानेही गेली असती. त्याचे एकाकीपण मात्र स्पर्शानेच गेले असते. विटाळाच्या भीतीने आखडलेला हात आणि अधिकाराच्या जोरावर पडलेला हात, हे दोन्ही एकच गोष्ट विसरतात की, समोरचा देह देवाच्या प्रतिरूपाने घडलेल्या मनुष्याचा आहे.

म्हणून आमची सूचना अशी की, रविवारच्या शाळेत मुलांस हात चोळण्याची ही लहानशी सेवा शिकवावी. आईबापांस आधी कळवावे. उघड्या जागी, दोन वडीलधाऱ्यांच्या देखत, मुलांनी समोरासमोर बसावे. मोठ्या माणसांनी मुलांच्या अंगास हात लावू नये, आपसातच दाखवून शिकवावे. जोड्या लावताना कोण कोणत्या घरचा हे पाहू नये. नखे कापलेली व हात धुतलेले असावेत. प्रथम एकाने विचारावे, "तुझा हात चोळू का?" दुसऱ्याने हो म्हटले तरच पुढे जावे, नाही म्हटले तर रुसू नये, चिडवू नये. मग मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत सावकाश हात फिरवावा, अंगठ्याने तळवा हलकेच दाबावा, बोटे पिळू अगर मोडू नयेत. जखम, सूज वा ताप असल्यास करू नये. चोळून घेणाऱ्याने श्वास सावकाश सोडावा. मध्ये विचारावे, "दुखतंय का?" आणि थांब म्हणताच थांबावे. शेवटी एकमेकांचे आभार मानावेत.

कोणी ह्यास परदेशी चोचले म्हणेल. परंतु "लावू का तेल?" आणि "दुखतंय का?" हे प्रश्न आमच्या आजीबाईंचेच आहेत. कोणी असेही म्हणेल की, मुलांस नाही म्हणावयास शिकविले तर वडिलांचा मान राहील कसा? आम्ही विचारतो, जी सेवा नाकारता येत नाही तीत मान कोणता? नातवाने आपखुशीने येऊन पाय चेपले तर आजोबांचा मान वाढतो. धाकाने चेपले तर केवळ पाय चेपले जातात. वडिलांचा मान राखण्याची आज्ञा आम्ही मोडीत नाही. तीत अंतःकरण यावे एवढेच इच्छितो.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. एखाद्या मुलाने कोणाच्या वाईट स्पर्शाविषयी सांगितले, तर त्याचे ऐकावे, त्यास दोष देऊ नये, व मंडळीच्या अब्रूसाठी प्रकरण दडपू नये. असे कळल्यावर पोलिसांस खबर देणे हे कायद्याने प्रत्येकाचे कर्तव्य आहे. पाळक व वडील त्यातून सुटत नाहीत. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो प्रत्येक मुलास पाठ असावा.

प्रिय वाचकहो, लेकरांस प्रभूने कवेत घेतले व त्यांच्यावर हात ठेवून त्यांस आशीर्वाद दिला, हे आपण जाणतो. त्या हातांजवळ जाण्यास लेकरे भ्याली नाहीत. आमच्या घरांतील, शाळांतील व मंदिरांतील प्रत्येक हात मुलांस तसाच निर्भय वाटावा, आणि मुलांचे हातही तसेच व्हावेत, ह्यासाठी प्रभू आम्हां सर्वांस साहाय्य करो.